आधी अर्थिंग, मग प्रोसेसर

परवा शनिवारी सकाळी चहा घेतोय तोवर शहापूरहून भाच्याचा फोन. "मामा, गेमिंग पीसीची लिस्ट पाठवलीय. तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो."

बजेट चाळीस हजार. त्यातले निम्मे भाऊजींचे (ते मुरबाडच्या एमआयडीसीत आहेत), निम्मे त्याने सुट्टीत काम करून साठवलेले. म्हणजे चुकलं तर पुन्हा दोन वर्षं काही नाही. लिस्टमध्ये इंटेलचा आय५-१२४००एफ, सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड, सोळा जीबीची एकच रॅमची कांडी, आणि सगळ्यात शेवटी 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. यूपीएस? त्याचा पत्ताच नाही.

मी हो म्हटलं नाही. पोरगं जाम चिडलं.

त्याची लिस्ट तशी चुकीची नव्हती. ठाण्यात किंवा पुण्यात राहणाऱ्या मुलाने केली असती तर मी फार खळखळ केली नसती. पण यूट्यूबवरचे सगळे 'बजेट बिल्ड' हे लाईट जात नाही आणि दुकान पंधरा मिनिटांवर आहे असं धरून केलेले असतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही. आमच्या चुलतभावाचं मशीन दोन वर्षांपूर्वी पहिल्याच पावसात, लाईट तीनदा आली-गेली त्यात उडालं. ते खोकं मांडीवर घेऊन एसटीने कल्याण, तिथून लोकलने मुंबई. दुकानदार म्हणाला, दोन आठवडे. लागले दोन महिने! तोवर घरात डबा बंद, कारण प्रोसेसर एफवाला होता.

हे 'एफ' प्रकरण नीट समजून घ्या. इंटेलच्या नावापुढे एफ असला की त्यात ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात. पण कार्ड गेलं की स्क्रीनवर काहीच येत नाही, कॉलेजचं सबमिशनसुद्धा करता येत नाही. म्हणून माझं मत, गावाकडच्या मशीनला ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्यावा. मी त्याला एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुचवला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. २०२१ चा आहे, मान्य. साध्या ५६०० पेक्षा त्याची एल३ कॅश निम्मी, १६ एमबी, त्यामुळे पुढे मोठं कार्ड लावलं तर थोडा मागे पडेल, हेही मान्य. पण आज कार्डाशिवाय व्हॅलोरंट चालतं, आणि पुढे त्याच एएम४ बोर्डावर बायोस अपडेट करून ५७००एक्स बसवता येतो.

फक्त रॅम आठ-आठच्या दोन कांड्या घ्यायच्या. या प्रोसेसरचं ग्राफिक्स मशीनचीच रॅम वापरतं. एक कांडी म्हणजे एकेरी रस्ता. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की हात आखडतो, पण इथे कंजूषी केली तर तोच प्रोसेसर अर्धमेला वाटतो.

"मग जुना ऑफिसचा आय५ घेतो, सातव्या पिढीचा, स्वस्तात मिळतोय," हा पुढचा हट्ट. म्हटलं, म्हशाच्या जत्रेत बैल घेताना दात बघतात ना? तसं इथे पिढी बघ. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते (तुरळक अपवाद सोडा), आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बैल स्वस्त आहे, पण म्हातारा आहे.

आता पैशाचं. कार्ड वगळल्यावर जे वाचले ते मी एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये घालायला लावले. त्याच्या मूळ लिस्टमधल्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मागवला. वर ठळक ४५० वॅट, खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला १८ अँपियर. गुणाकार करा: २१६ वॅट! आरएक्स ५८० एकटंच १८५ खातं, १२४००एफ जोरात आला की ११७. आता बोला. म्हणून एटी प्लस ब्रॉन्झचा, नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस. इन्व्हर्टर घरात असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघायचं, नाहीतर बदलाबदलीत मशीन रिस्टार्ट होतं. या मोडमध्ये व्होल्टेज जरा पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तेव्हा संध्याकाळी बॅटरी लवकर उतरेल, तेवढं सोसायचं.

आणि एक प्रश्न मी सहज विचारला, "जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?"

"येतात की. सगळ्यांच्याच येतात ना?"

नाही रे बाबा! प्लगची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसली की तसं होतं. दोन वर्षं पोरगं तसंच खेळत होतं, आणि ताईला वाटायचं कॉम्प्युटर म्हटलं की असं असतंच.

लिस्टवरून आमचं अजून अर्धं भांडण बाकी आहे. त्याला आरजीबी पंखे हवेत, मी नाही म्हटलंय. पण रविवारी भाऊजींनी वायरमनला बोलावून मागच्या अंगणात खड्डा खणून घेतला. मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी. प्रोसेसर पुढच्या शनिवारी आणणार.