गळती शोधण्याची मजुरी कोण देणार?

हळदीचा हंगाम सुरू झाला की हिंगोली जिल्ह्यातल्या पिकअपवाल्यांना उसंत नसते. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या खेड्यांतून पोती भरायची, हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात टाकायची आणि येताना मिळेल ते भाडे घ्यायचे. अशा जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग दिसला की मालक गॅरेजात येऊन एकच वाक्य बोलतो, "मामू, सील टाकून द्या, दुपारी भाडं आहे." मामू सील टाकून देतात. पंधरा दिवसांत डाग पुन्हा दिसतो. मग चहाच्या टपरीवर मालक सांगतो, "मिस्त्रीनं फसवलं."

खरे तर मालकाने सील मागितले आणि त्याला सील मिळाले. गळती कुठून होते हे शोधायला त्याने सांगितलेच नव्हते, कारण शोधण्याचे पैसे द्यावे लागतात हेच आपल्याला मान्य नाही.

शोधणे म्हणजे काय ते आधी पाहू. पहिला प्रश्न, तेल कोणते? डिझेल इंजिनचे ऑइल काळे असते. गिअर ऑइल घट्ट, मधाळ किंवा तपकिरी असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचे तेल पातळ असते. लाल तेल दिसले तर बहुतेक ते पॉवर स्टीअरिंगचे. इंजिनच्या मागच्या सीलमधून गळणारे तेलही गिअरबॉक्सच्या तोंडाशीच टपकते, त्यामुळे नुसता डाग पाहून गिअरबॉक्सला दोष देता येत नाही.

दुसरा प्रश्न, तेल निघते कुठून? गाडी धावताना वाऱ्याने तेल मागे पसरते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. म्हणून आधी गिअरबॉक्स डिझेलने धुऊन कोरडा पुसायचा. त्यावर पावडर किंवा खडूची भुकटी मारायची, दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवायची आणि मग खाली शिरून सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला भाग पाहायचा. तो ड्रेन प्लगच्या वॉशरशी असेल, गिअर लिव्हरच्या झाकणाशी असेल किंवा मागे शाफ्ट बाहेर पडतो तिथे असेल.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सील गेले तर का गेले? मागच्या शाफ्टला ढिलाई असेल, आतले बुश किंवा बेअरिंग झिजले असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत खराब होणार. गिअरबॉक्सचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तेल गरम झाल्यावर आतला दाब सीलमधूनच वाट काढणार. कोणी तेल जास्त भरले असेल तरी तेच. बुजलेला ब्रीदर तारेने साफ करून भागते, आणि आपण सील बदलत बसतो. सील स्वस्त असते हे खरे. पण पुढचे सील बदलायचे तर आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेवढे करून गळती तिथली नव्हतीच असे कळले, तर ती मजुरी कोणाची बुडाली?

याला दोन-तीन तास लागतात. त्या वेळेचे पैसे मागितले की मालक म्हणतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो आणि कुरकुर न करता देतो. मिस्त्रीच्या हाताला मजुरी आहे, डोळ्यांना आणि डोक्याला नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण व्याख्यानात ऐकतो. गॅरेजात मात्र पान्हा फिरवताना आलेला घामच तेवढा मोजतो.

कोणी म्हणेल, पिकअपवाला तरी कुठला सावकार आहे? हप्ता असतो, दिवस बुडवणे परवडत नाही. मान्य. पण गिअरबॉक्समधले तेल संपत आले की बेअरिंग ओरडायला लागते आणि एक दिवस भरलेली गाडी रस्त्यातच अडकते. पुढच्या सीलचे तेल क्लच प्लेटवर गेले तर चढावर गाडी ओढत नाही. तेव्हा बुडतो तो एक दिवस नसतो. दुसरा आक्षेप असा की काही मिस्त्री न तपासताच पैसे लावतील. लावतील. म्हणून गिऱ्हाइकाने खाली वाकून ओला भाग दाखवायला सांगावे, शाफ्ट हाताने हलवून दाखवायला सांगावे. ज्याने शोधले आहे त्याला दाखवायला अडचण नसते.

मला ही गोष्ट एवढी लागते त्याला कारण आहे. वाहनदुरुस्तीत मुसलमानांचे प्रमाण मोठे आहे, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. आपल्या मराठवाड्यात ते सांगायला अहवालही लागत नाही. आपली पोरे या धंद्यात आहेत आणि समाज, अगदी आपला समाजही, त्याला शिकता न आलेल्यांचे काम समजतो. शोधण्याला मोल नसेल तर उस्ताद शागिर्दाला शोधायला शिकवणार कधी? तो त्याला सील बदलायला शिकवतो, कारण पैसे त्याचेच मिळतात. दहा वर्षांनी तो पोरगा बदलण्यात पटाईत होतो, पण कारण विचारले की गप्प बसतो. मग एखादी कंपनी त्याला 'अकुशल' म्हणते आणि आपल्याला वाईट वाटते.

तेव्हा गॅरेजवाल्या भावांनो, उद्यापासून पाटी लावा: तपासणीची मजुरी वेगळी. काम तुमच्याकडेच केले तर हवी तर ती बिलातून वजा करा, पण आधी मागा. आणि पिकअपवाल्यांनो, "सील टाका" म्हणू नका. "कुठून गळतं ते आधी बघा, बघण्याचे पैसे देतो" म्हणा.