किती झाले?

पहिलीचा वर्ग. बस्करपट्टीवर एक मुलगी चिंचोके मोजते आहे. एकेक चिंचोका बोटाने बाजूला सारते आणि आकडा म्हणते. सातवर येते, तेवढ्यात बाई मोबाइल काढतात. ‘इकडे बघ गं.’ मुलगी वर बघते. उरलेले तीन चिंचोके बाईच घाईने ओळीत लावतात. फोटो निघतो, ‘कृतीयुक्त अध्ययन’ असा मथळा घेऊन ग्रुपवर जातो, त्याखाली अंगठे पडतात. मुलीचे मोजणे सातवर राहिले ते राहिलेच.

मोजणे ही मोठ्यांना वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारे पोरही समोरच्या दहा वस्तूंवर अडखळते. एकच चिंचोका दोनदा मोजते. बोट पुढे जाते, आकडा मागे राहतो. बरे, नीट दहापर्यंत आले, तरी खरी परीक्षा त्यानंतरच असते. ‘मग किती झाले?’ असे विचारून बघा. काही मुले उत्तर देत नाहीत, पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे त्यांना अजून उमगलेले नसते. ते उमगण्याआधी दहा काड्यांना रबर लावून ‘हा दशक’ म्हणून दाखवला, तर मुलांच्या लेखी तो नुसता गठ्ठाच असतो. पुढे हातच्याची बेरीज अडते, तिचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

मुलाला हे उमगले की नाही, ते बघायला साहित्यपेटी लागत नाही, ॲपही लागत नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचे. मूल विचार करत असते तोवर उत्तर आपण पुरवायचे नाही, शेजारच्यालाही पुरवू द्यायचे नाही. पहिलीच्या बाईंचे कसब पुष्कळसे या थांबण्यात आहे. आणि नेमके तेच फोटोत येत नाही. समजलेल्या मुलीचा आणि न समजलेल्या मुलीचा फोटो अगदी सारखा दिसतो. दोन्हींत चिंचोके दहाच.

बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकाच वेळी त्यांच्यापुढे बसलेली असते. त्यात ‘आजच्या उपक्रमाचे फोटो तात्काळ पाठवावेत’ असा निरोप येतो. दोनांपैकी एकच होणार असेल, तर ज्याची विचारणा होते तेच होणार. ‘किती झाले?’ विचारले नाही म्हणून कोणी खुलासा मागत नाही. फोटो गेला नाही तर मागतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावण्यास मनाई केली आहे. फोटो या कलमात कधीच अडकत नाही. अध्यापनाचा पुरावा म्हणून मागवलेली गोष्ट अशैक्षणिक कशी म्हणायची? उपक्रमाचा फोटो काढायचा, की फोटोपुरता उपक्रम करायचा, एवढे मात्र शिक्षण विभागाने ठरवायला हवे. ‘निपुण भारत’ 2021 मध्ये सुरू झाले, तेव्हा तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान आलेच पाहिजे, असे ठरले. त्यासाठी 2026-27 ची मुदतही घातली. ग्रुपवरच्या फोटोंवरून पाहिले, तर ते केव्हाच साधले आहे.

विभागाला पुरावा हवा असेल, तर तो जरूर घ्यावा. त्यासाठी केंद्रप्रमुखांनी पहिलीच्या वर्गात एक तास बसावे. कोणत्याही एका मुलापुढे दहा नव्हे, तेरा चिंचोके ठेवावेत, किती आहेत ते विचारावे आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवावा.