जुना गेम, नवा उजेड

सुट्टीत रोह्याला रूममेटच्या घरी गेलो होतो. त्याने नव्या कॉम्प्युटरवर 'क्वेक टू' लावला. गेम १९९७ चा, म्हणजे आमच्या जन्माआधीचा. पण हा त्याचा २०१९ मधला रे ट्रेसिंगवाला अवतार. यात प्रकाशाचे किरण कुठे आपटतात, कुठे वळतात याचं गणित ग्राफिक्स कार्ड खेळता खेळता करतं. मूळ गेममध्ये हेच गणित आधी करून उजेड-सावल्या भिंतींवर कायमच्या चिकटवल्या होत्या.

पाण्यातलं प्रतिबिंब बघून मी तर खलासच! नागोठणं येईपर्यंत पप्पांकडे कार्डासाठी पैसे कसे मागायचे, ते गाडीतच ठरलं.

पेणला उतरून घरी जाताना ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावलो. काका मूर्तीच्या सोवळ्याच्या चुण्यांत स्प्रेने गडद शेड मारत होते. मी विचारलं, "काका, सावली तर आपोआप पडेलच की?"

"कोणाच्या घरी उजेड कुठून येणार, मला काय ठाऊक? म्हणून मीच पाडतो."

डोक्यात ट्यूब पेटली. जुन्या गेमवाल्यांनीही हेच केलं होतं. कुठला कोपरा अंधारा ठेवायचा, कुठल्या दारावर उजेड टाकून खेळणाऱ्याला तिकडे ओढायचं, हे माणसाने ठरवलेलं. त्या रंगवलेल्या सावलीवर खरी सावली पडली की दोन्ही एकमेकींच्या पायात येतात. म्हणून तर नव्या 'क्वेक टू'साठी भिंतींची चित्रंही बदलावी लागली. २००७ च्या 'पोर्टल'ला २०२२ मध्ये रे ट्रेसिंग दिलं, तेव्हाही वस्तू नव्याने घडवाव्या लागल्या. म्हणजे सगळी जादू एकट्या किरणांची नाही.

माझं मत विचाराल तर, रे ट्रेसिंगने जुना गेम देखणा होतो, पण खेळायला जास्त चांगला होतोच असं नाही. बंदूक तीच, शत्रू तेच, नकाशा तोच. वर कार्ड दमलं की गेम अडखळतो, ते वेगळंच. पण शिकायला मात्र ही चीज भारी आहे. 'क्वेक टू'चा हा अवतार ख्रिस्टोफ शीड या संशोधकाच्या प्रोजेक्टमधून पुढे आला आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. आपण कॉम्प्युटरवाले तो वाचणार नाही तर कोण?

असो. पप्पांकडे पैसे मागितले नाहीत. सध्या जुनाच 'क्वेक' जुन्याच लॅपटॉपवर चालू आहे. पटत नसेल तर मेसमध्ये भेटा, भांडू!