अर्ध्या मीटरची जागा

आज ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. सकाळच्या पाळीला गेटजवळ शपथ होईल, छातीवर बिल्ले लागतील. शपथ मोलाचीच आहे. पण यंदा ती घेताना सर्वांनी पायाखालच्या जमिनीकडेही बघावे.

यंत्रमानव इतकी वर्षे जाळीच्या कुंपणात होता. १९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ओतकाम कारखान्यात आणि २०१५ मध्ये आपल्याकडे मानेसरला यंत्रमानवामुळे कामगार दगावला. दोन्ही वेळा माणूस यंत्राच्या हद्दीत गेला होता. आता चालकाविना धावणाऱ्या गाड्या सुटे भाग घेऊन शेडभर फिरतात. माणूस आपल्या जागी उभा असतो आणि यंत्र त्याच्याकडे येते.

या गाडीचा लेझर स्कॅनर बहुधा घोट्याच्या उंचीवर असतो. समोर पाय आला की गाडी मंदावते, फार जवळ आला की थांबते. त्या पातळीच्या वरचे मात्र स्कॅनरला दिसत नाही. खाली पडलेला बोल्ट वाकून उचलणाऱ्याचे पाय मागे असतात, डोके पुढे. गाडीवरच्या पत्र्याची कड बाहेर आलेली असेल तर?

म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर जागा मोकळी हवी, असे आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. माणूस गाडी आणि भिंतीच्या मध्ये चेंगरू नये, एवढ्यासाठी ही जागा. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई सुरू झाली की नेमके तिथेच पॅलेट येऊन बसते. ते कुणी वाईट हेतूने ठेवत नाही, पण चालणाऱ्याची वाट गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे, गाडी सारखी थांबते म्हणून स्कॅनरचा पल्लाच कमी करणे. हा आमच्या मते गुन्हाच आहे.

आणि धोका दिसताच यंत्र थांबवायचे लाल बटण? कंत्राटी कामगाराने ते दाबले, लाइन दहा मिनिटे थांबली, तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे त्याला ऐकावे लागणार नाही, ही हमी व्यवस्थापनाने आजच लेखी द्यावी.

शपथ झाली की सुरक्षा समितीने मोजपट्टी घेऊन गाडीचा पूर्ण मार्ग पायी चालावा, तोही तिसऱ्या पाळीत. सोबत शेड झाडणाऱ्या मावशींना घ्यावे. गाडी कुठल्या वळणावर अंगावर येते, ते त्यांना ठाऊक असते.