परदेशी पाहुणीला मी गोव्याला नेलं नाही



गेल्या डिसेंबरात लेकीची जर्मनीतली घरमालकीण आठवडाभर आमच्याकडे कोल्हापूरला येऊन गेली. वय अडुसष्ट. लेक बाळंत झाली तेव्हा माझा व्हिसा अडकला होता. पहिले वीस दिवस या बाईंनीच तिला ऊनऊन जेवण दिलं आणि रात्री उठून बाळाला घेतलं. नात त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजी. मीही ओमाच म्हणते. एवढं ऋण असलेलं माणूस घरी येणार म्हटल्यावर त्यांना दाखवायचं काय, यावर आमच्याकडे महिनाभर खल चालला होता.

यजमान म्हणाले गोवा. जाऊबाई म्हणाल्या महाबळेश्वर. एका टूरवाल्यानं चार दिवसांत अकरा ठिकाणांचा कागद पाठवला. त्यात सकाळी साडेसातला डॉल्फिन आणि साडेनऊला स्कूबा होतं. मी सगळं बाजूला ठेवलं आणि त्यांना राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, कुडाळ या वाटेनं वालावलला नेलं. तिथं तीन रात्री राहिलो.

महिला मंडळात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोकणात? अगं, तिथं सगळीकडे मासे!" दुसरा प्रश्न, "वालावलला बघायला आहे काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

आधी दुसऱ्याचं सांगते. वालावल हे कुडाळ तालुक्यातलं कर्ली नदीच्या काठचं गाव. लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आहे. सभामंडपाचे खांब लाकडी कोरीवकामाचे, आणि देवळाला लागून मोठं तळं. भोवती माड-पोफळी, मागं कुपीचा डोंगर. बघायला एवढंच. तासाभरात बघून होतं. टूरवाल्याच्या कागदावर त्याला पंचेचाळीस मिनिटं मिळाली असती.

आम्ही तिथं तीन संध्याकाळी बसलो. आपलं जेवण सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे सहाला ताट धुऊन मोकळ्या. ओमांना पहिल्या दिवशी ते चमत्कारिक वाटलं. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्याच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. एरवी प्रवासात संध्याकाळ म्हणजे जेवायचं कुठं या शोधात जाते. आमची संध्याकाळ रिकामी होती. तळ्याचं पाणी आधी हिरवं, मग तांबूस, मग काळं होतं. पलीकडच्या झाडावर धनेशाची जोडी येऊन बसली. देवळात कुणीतरी दिवा लावला. ओमा अर्धा तास एक अक्षर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्याकडे अशा तळ्याकाठी बाकं, पाट्या आणि कॅफे असता. मी मनात म्हटलं, बाई, आमच्याकडेही फार दिवस राहिलेले नाहीत.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये सावंतवाडीपासून जवळच मोपाचा. म्हणजे परदेशातून येणारे वाढणार. पण ते येऊन करतात काय? मालवणच्या जेटीवरून होडीत बसून किल्ला, मग तारकर्लीला मोटारबोट, मग फोटो. सिंधुदुर्ग किल्ला जरूर दाखवावा. १६६४ साली बांधायला घेतलेला, भर समुद्रातल्या बेटावरचा किल्ला रोज कुठं दिसतो? शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसाही तिथं जपलेला आहे. माझं म्हणणं एवढंच की किल्ला एका सकाळचा. बाकीचे दिवस माणसांसाठी ठेवावेत.

माणसं म्हणजे कोण? वालावलहून थोड्याच अंतरावर पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं आहे. रामायण-महाभारतातल्या कथांची कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक पुढं धरायची आणि गात कथा सांगायची, ही चित्रकथी. ओमा मांडी घालून जमिनीवर बसल्या आणि भाषा कळत नसताना पुढचं चित्र कधी येतं याची वाट बघत राहिल्या. छायाखेळाच्या वेळी मी जरा अवघडले, खोटं कशाला बोलू. आपण चामड्याची पर्ससुद्धा वापरत नाही. मी खेळ बघितला, विकत मात्र कागदावरचं चित्र घेतलं. तिथं कुणी मला का म्हणून विचारलं नाही, मीही व्याख्यान दिलं नाही.

दशावतार बघायचा असेल तर जत्रांच्या हंगामात जावं, तो कार्तिकापासून सुरू होतो. आम्ही शेजारच्या गावी गेलो होतो. नटच आपापली रंगरंगोटी करतात, बाईचं कामही पुरुषच करतात, आणि लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथं रचायचे. आधी आडदसर, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर. मग आख्यान, ते पार पहाटेपर्यंत. मला दोनला झोप अनावर झाली. ओमा चारपर्यंत जाग्या होत्या, अंगाभोवती माझी शाल गुंडाळून, दोन शाळकरी पोरींच्या मध्ये. त्या पोरी त्यांना खाणाखुणांनी गोष्ट समजावत होत्या. कोण जिंकलं ते त्यांना कळलं होतं, मला सकाळी त्यांनीच सांगितलं.

धामापूरचं तळं १५३० साली बांध घालून केलेलं. काठावर भगवतीचं देऊळ आहे. या तळ्याला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. पावणेपाचशे वर्षांहून जास्त काळ एक तळं गावाला पाणी देतं आहे, हे ओमांना किल्ल्यापेक्षा मोठं वाटलं. सावंतवाडीला चितारआळीतली लाकडी फळं घेतली, राजवाड्यात गंजिफा बघितल्या. दशावतारी गंजिफेची गोल पानं १२०, एकेका अवताराची बारा. ते पटकन झालं.

आता पहिला प्रश्न, माशांचा. त्याला मी बगल देणार नाही.

राहण्याची सोय एका घरी केली होती. फोनवरच मी त्या वहिनींना सगळं सांगितलं. कांदा, लसूण, बटाटा, कंद काही नको. पाणी गाळून. जेवण सहाच्या आत. माझी दोन पातेली आणि तवा मी बरोबर आणते. मला वाटलं, बाई कंटाळून नको म्हणेल. ती हसली. "आमच्याकडे सोमवारी शिवराकच असता. श्रावणात तर महिनोभर." शिवराकाची भांडी तिच्याकडे वेगळी होती, माझी पातेली पिशवीतून बाहेरही आली नाहीत. तीन दिवसांत घावणे आणि नारळाचा रस, शिरवाळे, आंबोळ्या, काजूची उसळ, सोलकढी, उकड्या तांदळाची पेज असं आम्ही जेवलो. आपण वर्षानुवर्षं कोकणाला मासेखाऊ म्हणून नाकं मुरडत आलो. त्यांच्या घरात सोमवारची चूल कशी पेटते हे कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून कर्लीत गेलो. दोन्ही काठांना माड, मध्ये कांदळवन, पाणी आरशासारखं. एका वळणावर पाच-सहा बायका कमरेएवढ्या पाण्यात वाकून तळाची रेती चाचपत होत्या. तिसऱ्या काढत होत्या. ओमा फोटो काढायला लागल्या आणि मी तोंड फिरवलं. अगदी नकळत. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला या बायकांचा राग येतो का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. राग नाही, म्हटलं, पण बघवत नाही. आमच्या धर्मात पाण्याच्या थेंबातही जीव मानतात. त्या म्हणाल्या, मग या बायकांशी तुम्ही बोलणारच नाही का? एवढ्यात पाण्यातल्याच एकीनं हाक मारली, "खंयसून इलात?" मी कोल्हापूर सांगितलं. ओमांकडे बोट करून "आणि ह्यो?" म्हणाली. जर्मनी म्हटल्यावर सगळ्या हसल्या. एकीचा मुलगा जहाजावर कामाला होता, तो जर्मनीत जाऊन आलेला. तिथली थंडी, तिथले पगार, सुनेचं माहेर असं बोलणं दहा मिनिटं चाललं. टोपली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी टोपलीकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत बोलले. पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं आणि बोटं सुरकुतून पांढरी पडलेली.

त्या दिवशी मला उमगलं ते असं की पाहुण्याला आपण देश दाखवतो तेव्हा पाहुणा आपल्यालाही बघत असतो. आपण कुठं तोंड फिरवतो, तेही त्याला दिसतं.

तिसऱ्या दिवशी मालवणात ओमांनी सरळ विचारलं, "मी इथं मासे खाल्ले तर चालेल का?" कृत, कारित आणि अनुमोदना आपल्याला पाठ असतात, पण भर बाजारात उभं राहून त्यांचा हिशेब मांडायची वेळ क्वचित येते. नाही म्हणावं तर माझं व्रत मी त्यांच्यावर लादते. हो म्हणून शेजारी बसावं तर माझं मन मानत नाही. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या पैशांनी जा, मी येणार नाही, रागावणारही नाही. त्या ड्रायव्हरदादाबरोबर गेल्या. मी बाजारात कोकम आणि काजू घेत हिंडले. तासाभरानं आल्या, म्हणाल्या फार छान होतं. मीही बरं म्हटलं.

जाऊबाईंच्या मते माझं चुकलं, आपल्या गाडीतून नेलेल्या माणसाला आपण अडवायला हवं होतं. त्यांचं म्हणणं मी आजही पूर्ण खोडू शकत नाही. पण ओमा वीस दिवस माझ्या लेकीसाठी स्वयंपाक करत होत्या. तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरात अंडंसुद्धा शिजवलं नाही, तेही कुणी न सांगता. ज्या बाईनं माझा नेम तिच्या घरात पाळला, तिला मी परक्या गावात अडवायचं कोणत्या तोंडानं?

एका गोष्टीत मात्र मी अडवलं असतं. समुद्रात स्कूबा, स्नॉर्कलिंग करताना मासे जवळ यावेत म्हणून कुणी पाव-बिस्किटं टाकत असेल, प्रवाळावर पाय देत असेल, तर तिथं गप्प बसू नये. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. प्रवाळ हा दगड नाही, जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. इथं आपली जीवदया आणि तिथला कायदा एकच गोष्ट सांगतात. मग आपण बोलायला कशाला लाजायचं?

ज्यांना होडीच हवी त्यांनी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जावं. तिथं २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत कांदळवन दाखवतात. मोटार नाही, आवाज नाही. घरकाम आणि मासळीचे व्यवहार करणाऱ्या बायका कांदळवनाची झाडं ओळखायला शिकल्या आणि आता परदेशी पाहुण्यांनाही ती ओळखायला शिकवतात. पाहुणे फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार असतील तर वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर चौकशी करा. ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभरच्या आसपास. गावची माणसं ती राखतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्राकडे निघतात. आपल्या बायकांनी बसभाडं काढून जावं असं हे ठिकाण आहे, पाहुणा असो वा नसो.

आणि परतताना वाट जरा वाकडी करून तळेऱ्याहून खारेपाटणला जाता येतं. तिथं आपलं जुनं मंदिर आहे. याच खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा इसवी सन १००८ चा ताम्रपट मिळाला. म्हणजे कोकण आपलं नाही असं म्हणायची सोय नाही. ओमा मंदिरात आल्या, पट्टा आणि पर्स गाडीत ठेवून. दर्शन झाल्यावर बाहेर बसल्या आणि मी सामायिक करेपर्यंत थांबल्या.

हे सगळं परदेशी बाईसाठी लिहिलं, पण खरं सांगू? परदेशी आता आपल्याच घरात आहेत. माझी नात पाच वर्षांची होईल. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. दोन वर्षांनी एकदा येते, तेव्हा आपण तिला मॉलमध्ये नेतो आणि पिझ्झा खायला घालतो, कारण "तिला तेच आवडतं." तेच तिला तिकडं कोपऱ्यावर मिळतं. माझ्या ओळखीच्या दहातल्या आठ घरांत हेच चालतं, आमचंही त्यात आलं.

लेक येत्या फेब्रुवारीत येते आहे. वालावलच्या वहिनींना मी फोन करून ठेवलाय. तळ्याच्या बाजूची खोली रिकामी आहे. नातीला काय आवडतं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, ठाऊक नाही, तुम्ही घावणे करून बघा. ओमाही येणार म्हणतात. त्यांनी लेकीकडे विचारलंय की जेवण सहालाच असेल ना.

जय जिनेंद्र.