यादी द्या, शिफारस नको

शनिवारी रात्री मी पुण्याहून शिरवळला घरी पोचले की आमच्याकडे एक कार्यक्रम ठरलेला असतो. पप्पांची शिफ्ट सुटलेली असते, आईनं ताटं वाढलेली असतात आणि रिमोट माझ्या हातात येतो, कारण घरातली 'कॉम्प्युटरवाली' मी. मग मी फिरवायला लागते. खाली, उजवीकडे, परत खाली. पोस्टरं सरकत राहतात, मध्येच एखादा ट्रेलर आपोआप किंचाळायला लागतो. दहा मिनिटं अशीच जातात. आई म्हणते, "अगं, लाव की कायतरी! भाकरी गार झाली." शेवटी मी आधी तीनदा पाहिलेली एखादी विनोदी मालिका लावते. जेवण होतं, ताटं उचलली जातात आणि टीव्हीवर काय चालू होतं ते कुणालाच आठवत नाही.

तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच होत असणार. यावर एक तयार उत्तर असतं: पर्याय फार झालेत, आपलं लक्ष टिकत नाही, आपल्या पिढीचं डोकं रील्सनी खाल्लंय. म्हणजे चूक आपली. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. गेल्या दिवाळीत आईनं एक साधी मागणी केली आणि माझं मत बदललं.

आई म्हणाली, "तो डोळ्यांचा पिक्चर लाव. आजोबा-नातवाचा." मला लगेच कळलं. 'श्वास', २००४. कोकणातले आजोबा नातवाला शहरात डॉक्टरकडे आणतात, डोळ्यांचा कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार असते, आणि ऑपरेशनच्या आधी आजोबांना त्याला जग दाखवून घ्यायचं असतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला. मी रोमन लिपीत दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधलं, देवनागरीत टाकायला त्या टीव्हीवर कीबोर्डच नव्हता. समोर काय आलं? दाक्षिणात्य मारधाडपट, एक योगासनांचा कार्यक्रम आणि 'तुम्हाला हे आवडू शकेल' म्हणत वीसेक पोस्टरं. 'श्वास' आमच्याकडे नाही, एवढं साधं वाक्य कुठेच नाही. तो त्या सेवेवर होता की नाही हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही. किराणा दुकानदारसुद्धा "गूळ संपला, मंगळवारी येईल" असं सांगतो. इथे गूळ मागितला की दुकानदार न बोलता समोर साबण मांडत जातो.

हे चुकून होत नाही. हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण असा साबण मांडायचं काम मीही केलंय.

आधीच्या नोकरीत दीड वर्ष मी खरेदीच्या एका अ‍ॅपवर 'तुम्हाला हेही आवडेल' ही पट्टी सांभाळत होते. आमच्या डॅशबोर्डवर किती जणांनी टिचकी मारली, किती वेळ थांबले, किती जण परत आले, याचे रकाने होते. 'घेतलेली वस्तू आवडली का' हा रकाना नव्हता, आणि मीही तो कधी मागितला नाही. तिथे एक गोष्ट शिकले. वरच्या ओळीतली वस्तू जास्त विकली जाते, कारण ती वर असते. आणि जास्त विकली जाते म्हणून यंत्र तिला वरच ठेवतं. खालच्या वस्तूला आपण वाईट नाही हे सिद्ध करायची संधीच मिळत नाही. आम्ही इंजिनिअर याला मोठमोठी नावं देतो. गावाकडे याला 'ज्याची काठी त्याची म्हैस' म्हणतात.

या धंद्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट नेटफ्लिक्सची. २००६ साली त्यांनी स्पर्धा लावली: आमच्या यंत्रापेक्षा १० टक्के अधिक अचूक अंदाज करून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. अंदाज करायचा होता तो, एखादा माणूस एखाद्या चित्रपटाला पाचपैकी किती तारे देईल याचा. जगभरच्या लोकांनी तीन वर्षं डोकं लढवलं आणि २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं. इथवरची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते. पुढची कमी सांगितली जाते. जिंकलेलं अख्खं गणित कंपनीनं वापरात आणलंच नाही. मेहनतीच्या मानानं फायदा थोडा होता आणि तोवर धंदा डीव्हीडीवरून स्ट्रीमिंगवर आला होता. २०१७ मध्ये तर तारेच गेले आणि त्यांच्या जागी अंगठा आला. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात, पण बघतात मात्र हलकंफुलकं. म्हणून तारे फसवे, बघणं खरं.

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे.

मी 'कोर्ट'ला पाच तारे देईन, आणि मंगळवारी रात्री साडेदहाला ऑफिसातून दमून आल्यावर 'कोर्ट' लावणार नाही. यात खोटं काय आहे? दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत. एक माझं मत आहे, दुसरा माझा थकवा. आमच्या महामार्गावर रोज वडापाव खाऊन ड्यूटी करणारे शेकडो लोक आहेत. त्यांना विचारा, पोरांच्या डब्यात रोज वडापाव देशील का? नाही म्हणतील. आता कुणी त्यांचं उत्तर खोटं ठरवून त्यांच्या घरी रोज वडापावच पोचवायला लागला, तर त्याला आपण हुशार म्हणू का? तारे काढले तेव्हा आपल्याला काय मोलाचं वाटतं, याची मोजदाद मागे पडली. यंत्र आता प्रामुख्यानं आपलं वागणं बघतं, तेही दिवसातल्या सगळ्यात दमलेल्या तासातलं.

शिफारशीचा खरा हेतू लपवलेलाही नाही. नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आहे. त्यात म्हटलंय की ग्राहक ६० ते ९० सेकंद शोधतो, १०-२० शीर्षकं चाळतो, आणि मग त्याचा रस संपायला लागतो. बघितल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे ८० टक्के शिफारशींतून येतात. आणि या सगळ्यामुळे वर्गणी सोडून जाणारे थांबतात, त्यातून वर्षाला १०० कोटी डॉलरहून जास्त वाचतात. त्या ९० सेकंदांत तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं काय हे शोधायचं नसतं. तुम्ही उठून जाणार नाही असं काहीतरी पुढे करायचं असतं. पुढच्या महिन्याची वर्गणी भरली गेली की शिफारस यशस्वी. आईला 'श्वास' मिळाला की नाही, हा त्यांच्या हिशोबातला प्रश्नच नाही.

इथे कुणी म्हणेल, असू दे, मनोरंजनच तर आहे, एवढं काय? एवढं हे, की याच आकड्यांवरून पुढे निर्णय होतात. कुठला चित्रपट विकत घ्यायचा, कुठल्या भाषेत मालिका काढायची, कुणाला किती पैसे द्यायचे. आणि मग तेच ठरलेलं वाक्य येतं: मराठीला प्रेक्षक नाही. हे वाक्य आपण थिएटरांच्या बाबतीत आधीच ऐकलंय. अडनिड्या वेळेचा एखादा खेळ द्यायचा, खुर्च्या रिकाम्या राहिल्या की चित्रपट उतरवायचा, आणि वर म्हणायचं की लोक येत नाहीत. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवावेत असं राज्य सरकारला सांगावं लागलं, ते यामुळेच. थिएटरातली अडनिडी वेळ निदान पेपरातल्या जाहिरातीत दिसायची. अ‍ॅपवर माझ्या आणि तुमच्या स्क्रीनवर वेगवेगळी दुकानं मांडलेली असतात. तुमच्या दुकानात मराठीचं फडताळ कितव्या ओळीत ठेवलंय हे मला दिसत नाही, आणि मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा हेही कळत नाही.

माल नाही असं तर कुणी म्हणूच नये. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं होतं. 'किल्ला' बर्लिनला गौरवला गेला. 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये 'साबर बोंडं'नं सनडान्सला परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार आणला. जगाला हे चित्रपट सापडतात. ज्यांच्या भाषेत ते बोलतात त्यांना मात्र सापडत नाहीत.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. स्ट्रीमिंग नसतं तर 'द डिसायपल' मी शिरवळमध्ये कधीच पाहिला नसता. २०२१ च्या लॉकडाउनमध्ये गच्चीवर बसून मी तो फोनवर पाहिला. आमच्या आईबापांना दूरदर्शन जे दाखवील ते बघावं लागायचं. त्या काळाची मला ओढ नाही. पण तो चित्रपट मी पाहिला तो मैत्रिणीनं दोन दिवस डोकं खाल्लं म्हणून. अ‍ॅपचं काम फक्त तो लावायचं होतं, आणि ते त्यानं उत्तम केलं.

हे वाक्य जरा लांबवून बघा. मी नववीत असताना स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. माल चोरीचा होता, त्याचं समर्थन नाही. पण तो दुकानदार दादा विचारायचा, "कुणासाठी? आईसाठी? मग हा घेऊ नको, हा ने." एकदा त्यानं दिलेला चित्रपट भिकार निघाला, तर दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याला तसं सुनावलं. तो ओशाळला आणि पुढचा फुकट भरून दिला. शिफारस करणारा माणूस तोंडावर सापडतो, त्याला जाब विचारता येतो, म्हणून तो जपून बोलतो. यंत्राला ओशाळता येत नाही. त्याच्या हिशोबात भिकार चित्रपट शेवटपर्यंत पाहणारी मी समाधानी ग्राहक असते.

"पण एवढ्या हजारो चित्रपटांतून यंत्राशिवाय शोधणार कसं?" हा प्रश्न माझे ऑफिसातले मित्र नेहमी विचारतात. त्याचं उत्तर आमच्या घरापासून एक घाट ओलांडला की आहे. खंबाटकी उतरलं, सुरूरच्या फाट्यावरून आत वळलं की वाई. तिथे मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. त्या जाडजूड खंडांत हजारो नोंदी आहेत आणि सगळ्या अकारविल्हे लावलेल्या. एखादी नोंद दहा वर्षांत एकानंच वाचली असली तरी ती आपल्या अक्षराखालीच सापडते. ती लोकप्रिय नाही म्हणून कुणी तिला मागच्या पानावर ढकलत नाही. नोंद नसेल तर ती नाही, हेही अर्ध्या मिनिटात कळतं. हजारो गोष्टी माणसाला सापडतील अशा लावायची युक्ती आपल्याकडे कधीपासून आहे. तिला यादी म्हणतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सेवेनं आपल्याकडच्या सगळ्या चित्रपट-मालिकांची पूर्ण यादी पहिल्या पानावरून एका टिचकीत उघडेल अशी द्यावी. भाषेनुसार, वर्षानुसार, दिग्दर्शकानुसार, अकारविल्हे. जे नाही ते नाही म्हणावं. जे पुढच्या महिन्यात निघून जाणार आहे त्याची तारीख लिहावी. आणि शिफारशी बंद करायचं बटण द्यावं. इंजिनिअर म्हणून सांगते, यातलं काहीच अवघड नाही. शिफारशीच्या यंत्राच्या मानानं हे फार सोपं काम आहे. युरोपात बड्या समाजमाध्यमांना २०२३ पासून कायद्यानं असा एक पर्याय द्यावा लागतो, ज्यात तुमच्या सवयींवर आधारलेली शिफारस नसते. महिन्याला वर्गणी भरणाऱ्या माणसाला दुकानात काय काय आहे हे विचारायचा हक्क असायला हवा.

ते देतील तेव्हा देतील. तोवर आमच्या घरी एक नियम झालाय: काय बघायचं ते अ‍ॅप उघडायच्या आधी ठरवायचं. फ्रिजवर एक दोनशे पानी वही ठेवलीय. कुणी सांगितलं, कुठे वाचलं, कुणाला आठवलं की त्यात नाव लिहायचं आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव. आमच्या मावशीनं सांगितलेले चित्रपट आईला हमखास आवडतात आणि पप्पांना हमखास नाही, हे आता वहीवरून कळतं. पप्पांनी 'वाईकडे शूटिंग झालेले' असं एक पानच काढलंय. मेणवलीच्या घाटामुळे 'स्वदेस' त्यात पहिला. असं फडताळ मला आजवर कुठल्या अ‍ॅपनं दाखवलेलं नाही. शनिवारी ताटं वाढेपर्यंत वहीतलं एक नाव ठरतं. कधी फसतं, मग सांगणाऱ्याला फोन करून शिव्या घालायच्या. तेवढ्यावरून पुन्हा तासभर सिनेमावर बोलणं होतं.

पहिल्या पानावर पहिली ओळ आईच्या अक्षरात आहे: श्वास. तिच्यापुढे अजून खूण झालेली नाही. आठवड्याला आई विचारते, "मिळाला का गं?" आणि कुठलं यंत्र बनवून पगार घ्यायचा आणि कुठलं नाही, हे मी दर सोमवारी पुण्याच्या बसमध्ये नव्यानं ठरवते.