दंड आणि चेंडू

नातवंडें रात्रीं जागून परदेशचे फुटबॉलचे सामने पाहतात म्हणून घरोघर वडील मंडळी कुरकुरतात. आम्हांस त्या सामन्यांहून त्यांतील माणसांचीं चरित्रें वाचण्याची गोडी अधिक. ब्राझीलच्या आंतोनियो लोपेस यांचेंच घ्या. १९४१ सालीं रिओ दे जानेरो येथें जन्मलेले हे गृहस्थ आधीं पोलीस अधिकारी होते, पुढें फुटबॉलचे नामांकित शिक्षक झाले. ‘देलेगादो’ हा त्यांचा जुना हुद्दाच टोपणनांव होऊन बसला.

दंड म्हणजे काठी आणि दंड म्हणजे शिक्षाही. तेव्हां अशा माणसाच्या तालमींत काय चालत असेल, याचें चित्र वाचकांनीं मनांत रंगविलेंच असेल. परंतु ब्राझीलमध्यें पोलिसांचीं दोन दलें आहेत. गणवेष घालून गस्त घालणारें एक, गुन्ह्याचा तपास करणारें दुसरें. देलेगादो हा या दुसऱ्या दलाचा अधिकारी. जबान्या घ्याव्या, पुरावा जुळवावा, हें त्याचें काम. आणि तें काठीनें साधत नाहीं.

लोपेस यांची कीर्ति मुख्यतः रिओच्या वास्को द गामा या क्लबाशीं जोडलेली आहे. त्या दर्यावर्दीच्या हिंदुस्थानच्या सफरीस चारशें वर्षें झालीं म्हणून १८९८ सालीं तेथील पोर्तुगीजांनीं हा क्लब काढला. (गोमंतकांतील बंदराच्या गांवासही तेंच नांव आहे.) १९९७ सालीं या संघांत एदमुंदो नांवाचा खेळाडू होता. स्वभाव असा तापट, कीं लोक त्यास ‘पशु’ म्हणत! त्या हंगामांत त्यानें २९ गोल केले आणि संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. असा माणूस जायबंदी न करतां जुंपणें, यांत आम्हांस शिक्षकाचें खरें कसब दिसतें. पुढच्याच वर्षीं क्लबाची शताब्दी भरून पांच दिवस होतात तोंच दक्षिण अमेरिकेचा चषकही हातीं आला. २००२ सालीं ब्राझीलनें विश्वचषक जिंकला, तेव्हां लोपेस त्या चमूचे तांत्रिक समन्वयक होते.

पण आम्हांस विचारांत पाडतें तें २००५ साल. एका पंचानें पैसे घेऊन सामने फिरविल्याचें उघडकीस आलें. त्यानें चालविलेले अकराही सामने रद्द करून पुन्हां खेळविण्यांत आले. कोरिंथियान्स हा संघ त्यांपैकीं दोन सामने हरला होता. फेरखेळांत त्यास चार गुण मिळाले. हंगामाअखेर तोच संघ इंटरनासिओनालच्या पुढें अवघ्या तीन गुणांनीं राहिला आणि विजेता ठरला. त्या वेळीं त्याचे शिक्षक लोपेस होते. अपराध पंचाचा, त्यांत ना शिक्षकाचा दोष, ना खेळाडूंचा. तरीपण प्रत्येक सामन्याचा पुरावा निराळा न तपासतां अकराही एकाच दोरींत बांधावे, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. तपासाच्या कामांत मुरलेल्या माणसास असें अजिंक्यपद स्वीकारतांना काय वाटलें असेल? इंटरनासिओनालास १९९२ सालीं ब्राझीलचा चषक जिंकून देणारे शिक्षकही लोपेसच होते.